धामणडोहातली भांडी

घाटपिंपळगाव, ता. अंबड
२ मे १९७३

चि. कौसल्या हिस आशीर्वाद.

टपाल खात्याविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे. ती नोंदवून घ्यायला पंचक्रोशीत एकही साहेब जागेवर नसल्यामुळे तुझ्याकडे नोंदवतो. या अंतर्देशीय पत्राच्या कडेला सरकारने डिंक लावला आहे. तो ओला करायला थुंकी कुठून आणायची, याचा विचार मात्र दिल्लीत झालेला दिसत नाही. सकाळपासून दोनदा जीभ फिरवली. जीभच कागदाला चिकटली, कागद कागदाला चिकटला नाही. तुझी वहिनी पुष्पा म्हणाली, खळ लावा. खळीला लागणारं पीठ घरात असतं तर मी ते पत्राला कशाला लावलं असतं?

हे पत्र तुमच्या शाळेतल्या बाईंकडून वाचून घे. घरात कोणाला देऊ नकोस. देऊन उपयोगही नाही म्हणा. तुझा दीर कडूबा लग्नाच्या कागदावर अंगठा उठवताना कोपरापर्यंत शाई माखून बसला होता, ते मी विसरलेलो नाही. असा अंगठेबहाद्दर साऱ्या गेवराई तालुक्यात दुसरा सापडायचा नाही.

मुद्द्यावर येतो. धामणडोह आटला. पूर्ण नाही, पण जन्मात कोणी पाहिला नव्हता एवढा. आणि मधोमध, म्हशीनं पाण्यातून तोंड वर काढावं तसं, नावेचं तोंड वर आलं आहे. तीच नाव, तुझ्या लग्नातली.

एकवीस वर्षं झाली. तेव्हा आपण बौद्ध झालेलो नव्हतो आणि नावेत आपला नंबर शेवटचा असे. आधी पाटलाची बैलं, मग वाण्याची पोती, मग आपण माणसं. आपल्या माणसांबरोबर सामान चढवू देईनात, म्हणून तुझी भांडी वेगळ्या खेपेला ठेवली. ती खेप डोहावर कलंडली. नावाडी पोहून निघाला, भांडी निघाली नाहीत. पलीकडच्या काठावर तुझी सासू सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाली, "नावेत भांडी व्हती कशावरून? रिकामी नाव बुडवली आन् आमच्या तोंडाला पानं पुसली." आणि मग तो शब्द टाकला, "भांडी वर येतील तवा सून माहेराला जाईल."

पुढं दिवाळीला मी तुला आणायला आलो, तेव्हा तिनं उंबऱ्यातच विचारलं, "भांडी आणली का?" मी तिथूनच फिरलो. मला फार स्वाभिमान आहे, हे तुला माहीत आहेच. त्यानंतर मी पत्रं लिहिली, तू एकाचंही उत्तर दिलं नाहीस.

आता सासू नाही, पण शब्द आहे. नदी आटली, शब्द आटत नाही. आज नदीचं पात्र चपला न भिजवता ओलांडता येतं आणि तरी तू पलीकडेच.

मायची तब्येत बरी नाही. दारात कोणाचाही पाय वाजला की विचारते, "कौसा का?" परवा पोस्टमन आला तरी विचारलं. मी ती भांडी काढणार आहे. एक निघालं तरी पुरे.

बाकी ठीक. वस्तीतल्या नंदाबाईच्या पोरीचं लग्न झालं. वस्तीच्या सामाईक भांड्यांतले, पंचाचे तांबे नेहमीप्रमाणे कमी पडले. मी पंगतीत म्हणालो, "आपल्या पंचाकडे माणसाला तहान लागण्याआधी अर्ज करावा लागतो." कोणी हसलं नाही. माझ्या या विनोदाला वस्तीत कधीच कोणी हसत नाही, का ते समजत नाही.

तुझा भाऊ,
तातेराव


घाटपिंपळगाव
८ मे १९७३

चि. कौसल्या,

वाळू तुडवत तुमच्या गावचा माणूस संपत दाजींचा निरोप घेऊन आला. निरोप असा: "भांडं निघालं आन् त्याच्यावर तिचंच नाव निघालं, त पाठवतो. साक्षीला कडूबा येईल."

तुझ्या नवऱ्याच्या बुद्धीला मी प्रथमच नमस्कार करतो. भांड्यावर नाव घालायची रीत नसती, तर मी अंबडच्या बाजारातून एखादा तांब्या आणून चिखलात बुडवला असता. पण साक्षीला कडूबा? वाचता न येणारा साक्षीदार? नाव कोणाचं आहे हे त्याला मीच वाचून दाखवायचं. कोर्टात असा साक्षीदार मिळाला तर वकील पेढे वाटतील.

होडी म्हणशील तर नदीवर होडी राहिली नाही. उन्हाळ्यात डोह ओलांडायला लोक गुळाची काहील वापरतात, तीच घ्यायची. यंदा ऊस नाही, गूळ नाही, त्यामुळे धुळाजीच्या गुऱ्हाळावरची काहील रिकामीच पडून आहे. मी मागायला गेलो.

धुळाजी म्हणाला, "न्या की गुरुजी. पण ती गुळाची काहील हाय. तिला पोहायचं शिकवेल न्हाई."

म्हटलं, "मला तरी कुठं शिकवलंय?"

"मंग जोडी बराबर जमली."

एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात बसत नाही. मला वाटलं माय खूश होईल. तिच्या कानाशी वाकून सांगितलं की नाव वर आली आहे, भांडी काढतो, कौसा येईल. ती पडून होती ती उठून बसली. माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "राहू दे रे तात्या. बुडालं ते बुडू दे."

म्हटलं, "अगं, तुझी पोरगी यायची आहे त्याच्यावर."

"ती येवो. भांडी नको." आणि भिंतीकडे तोंड केलं. माझ्या जीवाला भीत असेल. माझ्या जीवाची काळजी करणारं घरात कोणीतरी आहे, हे कळून मला बरं वाटलं. पुष्पानं तर विचारलं, बुडालात तर काहिलीचं धुळाजीला काय सांगू?

तातेराव


घाटपिंपळगाव
१२ मे १९७३

चि. कौसल्या,

आज अंतर्देशीय नाही, पाकीट घेतलं आहे, कारण सांगण्यासारखं बरंच आहे. पाठीची सालपटं निघाली असल्यामुळे पालथा पडून लिहितो आहे. अक्षराला नावं ठेवू नकोस.

आधी आनंदाची गोष्ट. तांब्या निघाला. नाव तुझंच आहे. "चि. सौ. कां. कौसल्या हिस, वडिलांकडून." तुझ्या दिरानं ऐकलं आहे आणि काठावरच्या लोकांसमोर तसं सांगितलंही आहे.

आता बाकीचं. सकाळी कडूबा आला. रामराम नाही, जयभीम नाही. पटका बांधलेला, मिशी तशीच, तोंड बंद. मीही बंदच ठेवलं. दोघं काहिलीत समोरासमोर बसलो. तुला सांगतो, माणसानं एकदा तरी काहिलीत बसावं. तिला पुढं नाही, मागं नाही. वल्ह्यानं ढकलावं तर ती जागच्या जागी गरगरते. त्यामुळे ज्याचं तोंड बघायचं नाही, त्याच्या तोंडासकट सगळं जग आपल्याभोवती फिरत राहतं. काठावर सगळं गाव जमलेलं. दुष्काळात तमाशाचे फड फिरकत नाहीत, तेव्हा आम्हीच.

नावेजवळ पोचलो. सागवानी फळ्या काळ्या कोळशासारख्या, खिळ्यांना गंजाच्या गाठी. अर्धी नाव वर, अर्धी गाळात. फळ्यांवर शिंपले चिकटलेले आणि एक कासव, ज्यानं आमच्याकडे बघून मान आत घेतली. समजूतदार प्राणी. आम्ही वर चढलो आणि काहिलीच्या कडीचं चऱ्हाट नावेच्या खिळ्याला बांधलं. मी आत उतरलो. वर तांबडं पाणी, खाली काळा गाळ, आणि गाळाला एकवीस वर्षांचा वास. हातानं चाचपत पुढं सरकलो. कुजलेलं पोतं, लाकूड, परत लाकूड. मग बोटांना गोल, गार काहीतरी लागलं.

आणि मग तुझ्या दिरानं काहील सोडली.

म्हणजे चऱ्हाट सोडून घेतलं आणि काहील वाऱ्यावर गेली. गरगरत, मजेत, एकटीच, डोहाच्या पार दुसऱ्या टोकाला. आता आमच्याभोवती गाळ. त्यावर चालता येत नाही, आणि पोहायला पाणी पुरत नाही. पाणी पुरलं असतं तरी आम्हाला पोहता येत नाही.

त्यानं चऱ्हाट का सोडलं, हे लिहावं की नाही याचा विचार करत होतो. लिहितो. माझा पाय नावेच्या दोन फळ्यांत अडकला होता. ओढला तसा जास्त रुतला, आणि गाळ छातीच्या वर आला. मी ओरडलो असेन. कडूबानं काहिलीकडे बघितलं नाही. चऱ्हाट माझ्या काखेतून घातलं, स्वतः फळीला पाय लावला आणि बैलासारखा मागं झुकला. पाय सुटला. चप्पल अजून धामणडोहात आहे. तांब्या मी सोडला नव्हता.

मग आम्ही नावेच्या तोंडावर बसलो. फळ्या तव्यासारख्या. काठावरून सल्ले येऊन राह्यले होते. कोणी म्हणे उडी मारा, कोणी म्हणे मारू नका. पंचाच्या भांड्यांची किल्ली सांभाळणारा मच्छिंद्र ओरडला, "गुरुजी, घाबरू नका!" त्याच्याशी मी बोलणार नाही आता. दुसरी काहील दुष्काळी कामावर होती. तीत मजुरांचं प्यायचं पाणी ठेवतात. ती रिकामी करायला कामावरच्या कारकुनाचा लेखी हुकूम लागतो, आणि कारकून अंबडला गेलेला. तो येईस्तोवर आम्ही दोघं, चारी बाजूंनी गाव बघतंय, आणि कुठं जाता येत नाही.

बऱ्याच वेळानं कडूबानं पटका सोडला, अर्धा माझ्या डोक्यावर टाकला.

मी म्हटलं, "राहू द्या."

"पाव्हणे, मेलात त मला वहिनीला तोंड दाखवायचं हाय."

मग मी ठेवून घेतला. त्यानं तंबाखू मळली, मला दिली. मी खात नाही. खाल्ली. तो डोहाकडे बघत बोलला, "तुम्हाला वाटतं आम्ही तिला कोंडली. माझ्या मायनं शब्द टाकला आन् मरून गेली. जित्या माणसाचं भांडून मोडता येतं. मेलेल्याचं मोडता येत न्हाई, पुरं करावं लागतं. दादाला बी लई वाटतं पाठवावं. कसं पाठवणार? गाव काय म्हणल? आम्ही बी अडकलोत, गुरुजी. ह्या नावेवर आज, पर घरात एकवीस साल झाले."

तुझ्या घरात कोणी असं बोलत असेल असं मला वाटलं नव्हतं.

मग तो म्हणाला, "बघा त खरं, काय लिव्हलंय."

मी तांब्या पाण्यात घासला. गाळ सुटत गेला. ठशांची अक्षरं वर आली. मी वाचली. मग मोठ्यानं वाचली, वर लिहिलं आहे तसं. त्यानं तांब्या माझ्या हातातून घेतला, अक्षरांवरून अंगठा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्याला किती वेळ लागला! अंगठेबहाद्दर शेवटी अंगठेबहाद्दरच. माझं तोंड तेव्हा कोरडं पडलं होतं. उन्हानं.

"बराबर हाय," तो म्हणाला, आणि तांब्या मला परत दिला.

दिवस कलता कलता हुकूम आला. "पाण्याची काहील तात्पुरती रिकामी करण्यास हरकत नाही." तो कागद मी जपून ठेवणार आहे. आमच्या दोघांच्या जीवाला एवढा अधिकृत होकार आजवर मिळाला नव्हता. काठावर उतरल्या उतरल्या कडूबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "वहिनीचंच नाव हाय. म्या बघितलं." आणि तडक वाळूतून पलीकडे निघून गेला, पाणीसुद्धा न पिता.

तांब्या तुला पाठवत नाही. चेपला आहे. इथेच ठेवतो.

तातेराव


घाटपिंपळगाव
१५ मे १९७३

चि. कौसल्या,

दाजींचा निरोप मिळाला. ये. पौर्णिमेच्या अलीकडे-पलीकडे कधीही ये. सकाळच्या उन्हाआधी नदी उतर, वाळू तापते.

मायला मी सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "कोणतं नाव निघालं?"

मी म्हटलं, "कौसाचं."

तिनं माझं तोंड आपल्याकडे वळवलं. मग म्हणाली, "तुझ्या बापावर गेलास तू." आणि हसली. दात नाहीत, तरी हसली. याच्यावर मी जास्त काही लिहीत नाही.

तांब्याला पुष्पानं हात लावायचा नाही असं सांगून तो पेटीत ठेवला आहे. तिनं विचारलं, सोन्याचा आहे का?

तातेराव


घाटपिंपळगाव
३ जून १९७३

चि. कौसल्या,

तू गेलीस. तुझ्या पावलांचे ठसे वाळूत दुसऱ्या दिवसापर्यंत होते. माय आता पायाचा आवाज आला तरी विचारत नाही. तुझा हात धरून झोपली होती ना, ती तेवढ्यावर भागवून राह्यली आहे. पुढच्या दिवाळीला तू येणार, असं ती सगळ्यांना सांगते. आता अडवणारं कोणी नाही, असंही सांगते.

नदीच्या मधोमध तू जे बोललीस, ते तुला तिथंच का बोलावंसं वाटलं? घरात सांगितलं असतंस तर मी निदान भिंतीला टेकलो असतो.

मी विचारलं होतं, माझी पत्रं तुमच्या शाळेतल्या बाई नीट वाचून दाखवतात का. आणि तू म्हणालीस, "कोणत्या बाई? भावजी वाचतात की. रात्रशाळेला जाऊन शिकलेत, तुम्हाला तिकडं समजायला किती साल लागले. गोठ्यात बसून वाचून दाखवतात, हळूच, आमच्या ह्यांना ऐकू जाऊ नये म्हणून."

"सगळी पत्रं?"

"सगळी. अंगठेबहाद्दर आलं त हसू हसू दोनदा वाचलं."

तरी मी शेवटचा दोर धरून म्हटलं, "मग तांब्याचं पत्र?"

"ते बी. तुम्ही माझं नाव लिव्हलं ते त्यांनी तसंच वाचलं. वाचून गप राह्यले. मला समजलं." मग तू वाळूकडे बघत म्हणालीस, "दादा, पंचाचा तांब्या मला ओळखू येऊ नये? हळदीला मीच त्याच्यात पाणी भरून आणलं व्हतं. बा म्हणाला होता, कोणाला बोलू नको. मी एकवीस साल भांडी माझीच म्हणून भांडले. तुम्हाला पत्राचं उत्तर काय लिव्हू? वाचून घ्यायला लाज न्हाई वाटत, लिव्हून घ्यायला वाटती."

तर कडूबा पाव्हणे, हे तुम्ही वाचत आहात. जयभीम. संपत दाजी जवळपास असतील तर इथं खोकला काढा आणि थांबा, बाकीचं मग वाचा.

गेले असतील तर पुढं वाचा. तांब्यावर कौसल्येचं नाव नाही, हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. "पंच मंडळी, घाटपिंपळगाव" एवढंच आहे, आणि तुम्ही ते अक्षर अन् अक्षर अंगठ्याखालून वाचलं. मी खोटं वाचलं तेव्हा मला पायाखालची नाव फिरल्यासारखी वाटली होती. तुम्ही ते तसंच उचलून काठावर नेलंत आणि सगळ्या गावासमोर ठेवलंत. मला वाटत होतं, आंधळ्या साक्षीदाराला मी फसवलं. मी तुम्हाला काहीबाही लिहिलं आहे, ते परत घेत नाही. परत घेतलं तर तुम्हाला तिसऱ्यांदा हसायला काय उरेल? पण "बैलासारखा मागं झुकला" हे मात्र कौतुकानं लिहिलं होतं, ते तसंच वाचत जा.

बाकी वस्तीचं. आपल्या बानं पंचाची भांडी भाड्यानंही नाही, उसनी घेतली होती, लेकीचं रुखवत मांडण्यापुरती. पलीकडे पोचली की चार दिवसांनी गुपचूप आणणार होता म्हणे. नदीनं आधीच नेली. आणि हे मच्छिंद्राला माहीत होतं, नंदाबाईला माहीत होतं, सगळ्या वस्तीला माहीत होतं. मायनं परवा सांगितलं. पंचानं बाला एका शब्दानं विचारलं नाही, पोरीचं नांदणं मोडेल म्हणून. एकवीस वर्षं वस्तीतली प्रत्येक पंगत अपुऱ्या तांब्यांत उठली, आणि प्रत्येक पंगतीत हा शहाणा गुरुजी उभा राहून तांब्यांवर विनोद करत होता. कोणी हसत नव्हतं. कोणी सांगतही नव्हतं. मी पोरांना धडा समजला का म्हणून विचारतो!

मी काल संध्याकाळी तांब्या चिंच लावून घासला. चेपलेली जागा तशीच राहिली, पण पितळ वर आलं. तो पिशवीत घालून समाजमंदिरात गेलो. मच्छिंद्र दाराशी बसला होता. मी म्हटलं, किल्ली दे. त्यानं का म्हणून विचारलं नाही. आत जाऊन भांड्यांची पेटी उघडली, तांबे ओळीनं होते, त्यांच्या शेवटी हा ठेवला. नाव आतल्या बाजूला केलं, मग पुन्हा विचार करून बाहेरच्या बाजूला केलं. पेटी लावली, कुलूप लावलं आणि किल्ली त्याच्या हातात परत दिली.

तो म्हणाला, "मंग गुरुजी, बुधवारच्या लग्नाला येताल ना?"

मी म्हटलं, "येतो. पाणी वाढायला."

तुझा भाऊ,
तातेराव